गारफिल्ड हायस्कूल, 1974 ते 1996 : अपेक्षा वेळापत्रकात उतरते तेव्हा

1987 मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधल्या गारफिल्ड हायस्कूलची 73 मुलं कॅल्क्युलस या वरच्या पातळीच्या गणिताच्या ‘एबी’ परीक्षेत उत्तीर्ण झाली, आणि आणखी 12 जण त्याहून अवघड ‘बीसी’ परीक्षेत. 1996 मध्ये हेच आकडे 7 आणि 4 होते. मधल्या नऊ वर्षांत वस्ती बदलली नव्हती. तीच मेक्सिकन वंशाची कष्टकरी कुटुंबं, तीच शाळा, आणि ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही अशीच बहुसंख्य मुलं.

गरीब मुलं मागे पडतात त्याला त्यांची गरिबीच कारण, असं ज्यांचं पक्कं मत आहे त्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. गरिबी दोन्ही वर्षी होती. मग 1987 मध्ये शाळेत असं काय होतं जे 1996 मध्ये उरलं नव्हतं?

हे प्रकरण जगभर एका शिक्षकाची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. तो शिक्षक, हायमे एस्कालांते, खरोखरच असामान्य होता आणि त्याच्याबद्दलचा आदर या लेखातही जागोजागी दिसेल. पण शाळा चालवणाऱ्या माणसाने ही गोष्ट शिक्षकाची म्हणून वाचली तर तिच्यातून त्याच्या हाती काही लागत नाही. ‘आमच्याकडे असा शिक्षक नाही’ एवढं म्हणून तो मोकळा होतो. म्हणून इथे ती मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून पाहिली आहे.

परीक्षा कसली होती

अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांना कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शाळेतच शिकण्याची सोय आहे. तिला ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणतात. वर्षाअखेरीस मे महिन्यात देशभर एकच प्रश्नपत्रिका निघते, उत्तरपत्रिका बाहेरचे परीक्षक तपासतात आणि 1 ते 5 असे गुण मिळतात. 3 किंवा त्याहून अधिक मिळाले की उत्तीर्ण समजतात, आणि अनेक कॉलेजं त्या विषयाचे श्रेयांक देऊन टाकतात.

एवढं सांगायचं कारण, शाळेतल्या शाळेत ‘आमची मुलं छान प्रगती करताहेत’ म्हणणं सोपं असतं. पेपर आपला, तपासणारे आपण, निकाल आपला. इथे तसं नव्हतं. श्रीमंत उपनगरातल्या खासगी शाळेतला मुलगा जो पेपर सोडवत होता तोच गारफिल्डच्या मुलीपुढे होता. गरीब म्हणून सवलत नाही, आणि गरीब म्हणून आधीच कमी लेखणंही नाही.

मुलांनी आधीच मागितलं होतं

एस्कालांते येण्याच्या सहा वर्षं आधी, मार्च 1968 मध्ये, पूर्व लॉस एंजेलिसमधल्या हायस्कूलांतली हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली होती. त्यात गारफिल्डची मुलंही होती. त्यांच्या तक्रारींतली एक ठळक तक्रार अशी की आम्हाला कॉलेजच्या तयारीचे विषय मिळत नाहीत, आम्हाला हातकामाच्या आणि कारकुनी कामाच्या अभ्यासक्रमांकडे ढकललं जातं. मोठ्या माणसांनी ठरवून टाकलं होतं की ही मुलं पुढे काय करणार, आणि वेळापत्रक त्या हिशेबाने आखलेलं होतं.

गरीब मुलांच्या ‘आकांक्षा वाढवायला हव्यात’ असं आपण ज्या सहजतेने म्हणतो तिला या घटनेने खरं तर धक्का बसायला हवा. सोळा-सतरा वर्षांची मुलं पोलिसांच्या समोर उभी राहून अवघड विषय मागत होती. आकांक्षा मुलांकडे होती, कमी पडत होती शाळा.

1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत गारफिल्डची अवस्था अशी होती की शाळेची मान्यताच धोक्यात आली. विद्यार्थी तीन हजारांहून अधिक, टोळ्यांची भांडणं, गळती, आणि गणित म्हणजे बहुतेकांसाठी बेरीज-वजाबाकी-अपूर्णांकांची पुन्हा पुन्हा उजळणी. 1974 मध्ये एस्कालांते तिथे रुजू झाले. जन्म बोलिव्हियातल्या ला पाझचा, 1930 चा. मायदेशी गणित आणि भौतिकशास्त्र शिकवण्यात वर्षं गेलेली. अमेरिकेत आल्यावर ती पदवी चालेना, म्हणून पडेल ते काम करत करत त्यांनी पुन्हा शिक्षण घेतलं आणि चांगल्या पगाराची कंपनीतली नोकरी सोडून ते शाळेत आले.

पहिली चार वर्षं कॅल्क्युलस नव्हताच

लोकांच्या आठवणीतून जो भाग नेमका गळून पडतो तो हा. एस्कालांते 1974 मध्ये आले आणि कॅल्क्युलसचा पहिला वर्ग 1978 मध्ये सुरू झाला. त्या वर्गात शेवटपर्यंत पाच मुलं टिकली, दोन उत्तीर्ण झाली. पुढच्या वर्षी नऊ मुलं बसली, सात उत्तीर्ण. 1981 मध्ये पंधरापैकी चौदा. 1982 मध्ये अठरापैकी अठरा.

पाचातली दोन, हा निकाल लागल्यावर बहुतेक शाळांनी तो वर्ग बंद केला असता. ‘प्रयत्न केला, आमच्या मुलांना झेपत नाही’ असं लिहायला तो पुरेसा पुरावा वाटला असता. वर्ग चालू राहिला. पण त्याहून महत्त्वाचं काम वर्गाच्या खाली, अलीकडच्या इयत्तांत चाललं होतं.

कॅल्क्युलस हा विषय एकटा शिकता येत नाही. त्याच्याआधी बीजगणित, भूमिती, पुढचं बीजगणित, त्रिकोणमिती आणि फलांचा (फंक्शन्सचा) अभ्यास, अशी सरळ उतरंड आहे. बारावीत कॅल्क्युलस हवा असेल तर साधारण आठवीत, फार तर नववीत बीजगणिताला हात घातलेला असावा लागतो. जी मुलगी दहावीत येईपर्यंत अपूर्णांकच गिरवते आहे, तिला बारावीत कुणी कितीही प्रेमाने ‘तू करू शकतेस’ म्हटलं तरी ती करू शकत नाही. तिच्या बुद्धीचा त्यात काही दोष नाही. तिच्यासाठी निर्णय चार वर्षांपूर्वी झालेला असतो, बहुधा तिला न विचारता, आणि तोही एखाद्या कारकुनाने तुकड्या पाडताना.

गारफिल्डमध्ये आठवी-नववी नव्हतीच. त्या इयत्ता खालच्या शाळांत होत्या, आणि तिथे बीजगणित फारच थोड्यांना मिळत होतं. म्हणजे गारफिल्डच्या अपेक्षेला गारफिल्डच्या फाटकाबाहेर जाऊन काम करावं लागणार होतं. एक शिक्षक हे करू शकत नाही. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकाशी बोलून तिथला विषय बदलून घेणं हे मुख्याध्यापकाचं काम आहे.

ग्राडियास

हेन्री ग्राडियास 1981 मध्ये गारफिल्डचे मुख्याध्यापक झाले. त्यांच्याआधीच्या व्यवस्थेत एका उपमुख्याध्यापकाने एस्कालांतेंना नोकरीवरून काढण्याची ताकीद दिली होती. कारणं वाचली की मन विषण्ण होतं : हे गृहस्थ सकाळी फार लवकर येतात, मुलांना संध्याकाळी उशिरापर्यंत थांबवून घेतात, आणि परवानगीशिवाय निधी गोळा करतात. नियमांच्या दृष्टीने तिन्ही आरोपांत तथ्य असेल. इमारत उघडायची कुणी, मुलं थांबली तर जबाबदारी कुणाची, पैशाचा हिशेब कसा ठेवायचा, हे प्रश्न कुठल्याही शाळेत खरेच असतात. फरक एवढाच की या प्रश्नांचं उत्तर शोधायचं की ते विचारायला लावणाऱ्या शिक्षकाला गप्प करायचं, हे वरचा माणूस ठरवतो.

ग्राडियासांनी एस्कालांतेंना शाळेच्या किल्ल्या दिल्या आणि कार्यक्रम त्यांच्या हाती सोपवला. हा प्रसंग नेहमी सांगितला जातो, कारण तो डोळ्यांपुढे उभा राहतो. पण माझ्या मते ग्राडियासांचं खरं काम यापेक्षा कितीतरी कंटाळवाणं होतं आणि म्हणूनच मोलाचं होतं. त्यांनी प्राथमिक अंकगणिताचे वर्ग कमी केले. पुढे तर असा नियम केला की ज्या मुलाला अंकगणिताचा वर्ग घ्यावा लागतो त्याने त्याच वर्षी बीजगणितही घ्यायचं. आधी ते पक्कं कर, मग पुढे जा, ही वाट बंद केली.

या नियमाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण अनेक सद्हेतू शिक्षकांना तो निष्ठुर वाटेल. ‘पाया कच्चा आहे, आधी पाया करू’ हे वाक्य ऐकायला अतिशय समंजस आहे. गरीब मुलांच्या शाळांत ते रोज उच्चारलं जातं, आणि बहुतेक वेळा मायेनेच. पण पायाच्या वर्गात गेलेलं मूल तिथून बाहेर पडत नाही, हा अनुभव गारफिल्डमध्ये वर्षानुवर्षं येत होता. वर्ग संपला की पुन्हा तसलाच वर्ग, आणि इयत्ता मात्र पुढे सरकत राहते. ग्राडियासांच्या नियमाने अंकगणिताचं साहाय्य काढून घेतलं नाही, त्याच्या जोडीला पुढची वाट दिली. दोन्ही एकाच वर्षी. साहाय्य हवं म्हणून वाट रोखायची नाही, ही त्यातली मूळ कल्पना.

अर्थात नियम करून भागलं नसतं. कमी केलेल्या प्रत्येक अंकगणिताच्या वर्गामागे एक शिक्षक होता, ज्याला आता बीजगणित शिकवावं लागणार होतं. सगळ्यांना ते आवडणार नव्हतं, सगळ्यांना ते जमणारही नव्हतं. एस्कालांतेंच्या जोडीला बेन हिमेनेझ हे दुसरे शिक्षक उभे राहिले, त्यामुळे वरचे वर्ग एकट्याच्या जिवावर राहिले नाहीत. खालच्या शाळांत आठवी-नववीला बीजगणित सुरू व्हावं म्हणून ग्राडियास आणि एस्कालांते दोघांनीही पाठपुरावा केला. आणि 1983 पासून ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात उन्हाळी वर्ग भरू लागले, जिथे वर्षभराचा विषय काही आठवड्यांत सलग शिकवला जाई. उशिरा सुरुवात झालेल्या मुलाला हरवलेलं वर्ष परत मिळवून देण्याची ती सोय होती. बाहेरच्या प्रतिष्ठानांचा पैसा तिला मिळाला.

एस्कालांतेंनी वर्गाचं दारही उघडं ठेवलं. हुशार म्हणून शिक्का बसलेल्यांनाच प्रवेश, असं त्यांना मान्य नव्हतं. जो कष्ट करायला तयार आहे तो आत. मात्र आत आल्यावर सूट नव्हती. मुलाची आणि पालकांची करारावर सही, रोजचा गृहपाठ, सततच्या चाचण्या, शाळेआधी आणि शाळेनंतर तास, आणि दांडी मारली की घरी फोन.

ग्राडियासांच्या एका निर्णयाबद्दल मात्र मला शंका आहे. नव्याने आलेल्या ज्या मुलांना मूलभूत कौशल्यांची चाचणी जमली नाही, आणि जुन्यांपैकी ज्यांची सरासरी ‘सी’ श्रेणीच्या खाली गेली, त्यांना खेळ, वाद्यवृंद आणि इतर उपक्रमांत भाग घ्यायला त्यांनी बंदी केली. शाळा गांभीर्याने घ्या, हा संदेश त्यातून पोहोचला असेल. पण अभ्यासात मागे असलेल्या मुलाला शाळेत टिकवून ठेवणारा धागा पुष्कळदा तोच असतो, फुटबॉलचा संघ किंवा ढोल. तो कापल्यावर किती मुलं अभ्यासाकडे वळली आणि किती फाटकाबाहेर गेली, हे पाहिल्याशिवाय या निर्णयाचं कौतुक करू नये. मोठी अपेक्षा म्हणजे मुलाजवळ जे थोडंफार आहे ते काढून घेणं, असा समज शाळांत फार लवकर पसरतो.

1982 चा संशय

त्या वर्षी अठराही मुलं उत्तीर्ण झाली आणि त्यांतल्या चौदा जणांना परीक्षा घेणाऱ्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसकडून पत्र आलं. काही उत्तरं, विशेषतः चुकलेली, एकमेकांशी फार जुळतात, असं त्यांचं म्हणणं होतं. निकाल सोडून द्या किंवा पुन्हा परीक्षा द्या. संस्थेची भूमिका अशी की संशयाचा आधार फक्त उत्तरांतलं साम्य हा होता. वस्तीतल्या लोकांना मात्र वाटलं की हाच निकाल एखाद्या सधन उपनगरातून आला असता तर पत्र निघालं नसतं. एस्कालांतेंनीही ते उघडपणे बोलून दाखवलं.

चौदांपैकी बारा जणांनी उन्हाळ्याच्या अखेरीस पुन्हा परीक्षा दिली. अभ्यास सुटून महिने झाले होते, उजळणीला जेमतेम वेळ मिळाला. बाराही उत्तीर्ण झाले. पहिल्या परीक्षेतल्या त्या जुळलेल्या उत्तरांबद्दल नंतरही लिहिलं गेलं, वाद झाले. पण या मुलांना कॅल्क्युलस येतो की नाही, या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मिळालं आणि त्यावर पुढे कुणाला बोट ठेवता आलं नाही.

शाळेच्या दृष्टीने पुढचं वर्ष जास्त बोलकं आहे. अपमान झाला म्हणून मुलं या वर्गापासून दूर गेली नाहीत. 1983 मध्ये 33 जण परीक्षेला बसले, 30 उत्तीर्ण झाले. आणि 1987 मध्ये देशभरात ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मेक्सिकन-अमेरिकन मुलांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक एकट्या गारफिल्डची होती. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. मला तो वाचताना बाकीच्या शाळांची आठवण होते. संपूर्ण देशात एका समाजाच्या यशाचा चौथा हिस्सा एकाच इमारतीतून येत असेल, तर उरलेल्या शेकडो इमारतींत त्या समाजाच्या मुलांसाठी काय चाललं होतं?

चित्रपटाने केलेलं नुकसान

1988 मध्ये या घटनेवर हॉलिवूडचा चित्रपट आला आणि एस्कालांते घराघरांत पोहोचले. चित्रपटाने या मुलांना मान मिळवून दिला, याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. पण पडद्यावर अंकगणितात धडपडणारी मुलं फार थोड्या काळात कॅल्क्युलसपर्यंत पोहोचतात. खालच्या इयत्तांतलं वर्षानुवर्षांचं काम दिसत नाही. ग्राडियास तर त्यात नाहीतच.

यातून दोन चुकीचे धडे पसरले. एक, पुरेशी तळमळ असली की एका वर्षात काहीही होतं. दुसरा, मुख्याध्यापक असला काय नसला काय, सारं शिक्षकावर अवलंबून. पहिल्या धड्यामुळे किती तरुण शिक्षक एका वर्षात चमत्कार घडला नाही म्हणून स्वतःला दोष देत बसले असतील, याची मोजदाद नाही. दुसऱ्याने वरिष्ठांना सुटका मिळवून दिली.

संशोधनाचं म्हणणंही चित्रपटापेक्षा ग्राडियासांच्या कामाशी जुळतं. 1966 च्या कोलमन अहवालाने अमेरिकेत असा समज रुजवला होता की मुलाच्या यशात घरच्या परिस्थितीचा वाटा इतका मोठा आहे की शाळेने फारसा फरक पडत नाही. 1979 मध्ये रोनाल्ड एडमंड्स यांनी शहरी गरिबांच्या यशस्वी शाळांवरच्या अभ्यासांतून उलट मांडणी केली. अशा शाळा आहेत, आणि त्यांच्यात खंबीर नेतृत्व व सर्व मुलांकडून किमान पातळी गाठण्याची अपेक्षा या गोष्टी सापडतात, असं त्यांनी दाखवलं. त्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या हे महत्त्वाचं आहे. शिक्षकाच्या मनातल्या नुसत्या अपेक्षेचा परिणाम मोजणारे प्रयोग 1968 मध्ये रोझेन्थाल आणि जेकबसन यांच्यापासून सुरू झाले. पुढच्या काही दशकांतल्या अभ्यासांचा 2005 मध्ये जो आढावा घेतला गेला त्यात हा परिणाम खरा असला तरी साधारणपणे लहान असल्याचं दिसलं, आणि समाजाने ज्यांना कमी लेखलं आहे अशा मुलांवर तो जास्त असू शकतो असंही. मनातली अपेक्षा म्हणजे एका माणसाची नजर. तिला विषय, तासिका, पुस्तकं आणि आधीच्या इयत्तेची तयारी मिळाली नाही तर मुलाला तिचा फारसा उपयोग होत नाही.

मोडलं कसं

1987 च्या यशाच्या वर्षीच ग्राडियास डॉक्टरेट पूर्ण करण्यासाठी रजेवर गेले. परत आल्यावर गारफिल्ड पुन्हा मिळावं, किंवा इतर शाळांत असे कार्यक्रम उभे करता येतील असं पद मिळावं, अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांना इमारतींमधलं अ‍ॅस्बेस्टॉस काढण्याच्या कामावर देखरेखीला नेमण्यात आलं, अशी नोंद आहे. शाळा उभी करण्याचं ज्ञान असलेल्या माणसाचा व्यवस्थेने असा वापर केला हे वाचून संताप येतो, आणि तो आवरायचं कारण मला दिसत नाही.

कार्यक्रम लगेच कोसळला नाही. उलट वाढतच होता. 1990 पर्यंत गणिताच्या या उपक्रमात चारशेहून अधिक मुलं होती. 1991 मध्ये गणितासह सर्व विषयांत ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा देणाऱ्या गारफिल्डच्या मुलांचा आकडा 570 वर गेला होता. याचा अर्थ हे वारं गणितापुरतं राहिलं नव्हतं. इतर विषयांच्या शिक्षकांनीही दार उघडलं होतं.

पण आत भांडणं वाढत होती. एस्कालांतेंच्या काही वर्गांत पन्नासहून अधिक मुलं बसत, आणि शिक्षक संघटनेच्या करारात मर्यादा 35 ची होती. या वादात संघटनेला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. वर्गातली संख्या मर्यादित असावी ही मागणी शिक्षकांनी कष्टाने मिळवलेली असते, आणि ती गरीब मुलांच्याच हिताची असते. एका शिक्षकाने खुशीने पन्नास मुलं घेतली की उद्या दुसऱ्याला ती सक्तीने घ्यावी लागतील, ही भीतीही खोटी नव्हती. त्याच वेळी बाहेर थांबलेल्या पंधरा मुलांना ‘जागा नाही’ म्हणणं एस्कालांतेंना अशक्य होतं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात तेव्हा मधे कुणीतरी लागतो. आणखी एक शिक्षक मिळवून देणारा, संघटनेशी बसून अपवादाची मुदत आणि अटी ठरवणारा, कौतुकाचा झोत एकाच शिक्षकावर पडल्याने दुखावलेल्या बाकीच्यांना कामात सामील करून घेणारा. ते काम मुख्याध्यापकाचं होतं.

1990 मध्ये गणित विभागाचं प्रमुखपद एस्कालांतेंकडे राहिलं नाही. 1991 मध्ये ते आणि हिमेनेझ दोघेही शाळा सोडून गेले. एस्कालांते सॅक्रामेंटोच्या एका हायस्कूलमध्ये शिकवू लागले. त्यांच्यानंतर गारफिल्डमध्ये कार्यक्रम सांभाळणारा शिक्षकही फार काळ थांबला नाही. 1996 पर्यंत आकडे 7 आणि 4 वर आले. एस्कालांते 30 मार्च 2010 रोजी वारले.

या प्रकरणाच्या मर्यादा

ज्या शाळेत तीन हजारांहून अधिक मुलं होती तिथे चारशे मुलं म्हणजे अल्पसंख्याच. कॅल्क्युलसपर्यंत न पोहोचलेल्या बहुसंख्य मुलांचं काय झालं, हा प्रश्न या गोष्टीच्या तेजात झाकला जातो. अंकगणिताबरोबर बीजगणित घेण्याच्या नियमाने त्यांनाही काही मिळालं असणार असं मला वाटतं, पण तो माझा अंदाज आहे. दुसरं, एस्कालांतेंचं वेळापत्रक सामान्य माणसाला झेपणारं नव्हतं. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या शिक्षकावर उभी असलेली व्यवस्था म्हणजे एका खांबावरचं छप्पर. ग्राडियासांनी दुसरा, तिसरा खांब रोवायला सुरुवात केली होती, उन्हाळी वर्ग आणि खालच्या शाळांतलं बीजगणित हे त्यांतलेच. ते काम अर्धवट राहिलं.

1987 चा आदेश

हे प्रकरण मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात वापरायचं झालं तर 1982 च्या परीक्षेवर थांबू नये. तो भाग ऐकून सगळे भारावतात आणि घरी जातात. गोष्ट 1987 च्या उन्हाळ्यात थांबवावी. ग्राडियास रजेवर निघाले आहेत, शाळेचा निकाल देशात गाजतो आहे, वर्ग भरून वाहताहेत, शिक्षकांत कुरबुर सुरू झाली आहे. तुम्ही शाळांच्या जिल्ह्याचे अधिकारी आहात. पुढच्या तीन वर्षांसाठी एका पानाचा आदेश लिहा.

बहुतेक जण पहिलं वाक्य लिहितील की एस्कालांतेंना सन्मानपत्र द्यावं. ते देऊन झालं की खरी कामं सुरू होतात. नवा मुख्याध्यापक ग्राडियास असतानाच नेमायचा आणि दोघांनी किमान एक सत्र बरोबर काढायचं. अंकगणिताबरोबर बीजगणिताचा नियम शाळेच्या लेखी धोरणात घालायचा, म्हणजे माणूस बदलला तरी तो आपोआप गळून पडणार नाही. खालच्या शाळांत आठवी-नववीच्या किती मुलांना बीजगणित मिळतं याचा आकडा दरवर्षी गारफिल्डच्या निकालाशेजारी मांडायचा, आणि तो घसरला तर त्या शाळेच्या मुख्याध्यापकाला बोलावून घ्यायचं. कॅल्क्युलस शिकवू शकतील असे आणखी दोन शिक्षक एस्कालांते आणि हिमेनेझ यांच्या वर्गात वर्षभर बसवायचे, त्यांच्या बाकीच्या तासिका तेवढ्या कमी करून. वर्गसंख्येचा अपवाद संघटनेशी बोलून एका वर्षापुरता मान्य करून घ्यायचा आणि त्याच पानावर नवं पद मंजूर करायचं. आणि ग्राडियासांच्या परतीच्या नेमणुकीचं पत्र त्यांच्या हातात रजेवर जाण्याआधी द्यायचं, कुठल्या शाळेत आणि कोणत्या कामासाठी, हे स्पष्ट लिहून.